डॉक्टरांनी बंद केलेला पंप

नेद्याल्काबाईंनी संगणकावरचं ‘बंद’चं बटण दाबलं आणि पंप सुरू झाला. त्यात नळीचा सांधा निसटला. पाणी टोमॅटोच्या कुंड्या सोडून थेट खालच्या बाल्कनीत, दातांचे डॉक्टर क्रस्त्यो यांच्या सॅलडमध्ये पडू लागलं.

“अहो बाई! बंद करा ते!”

“बंदच करतेय!” बाईंनी पुन्हा ‘बंद’ दाबलं. धार आपली चालूच.

बाई रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. उद्या आठवडाभरासाठी बहिणीकडे वार्नाला जायचं होतं, आणि प्लोवदिव शहरातलं ऑगस्टचं ऊन कुंडीतल्या रोपाची दोन दिवसांत काडी करतं. ही रोपं तर नवऱ्याने राखून ठेवलेल्या बियांची. तो गेला, बी उरलं. ते बाई मरू देणार नव्हत्या. म्हणून हा खटाटोप: तळहाताएवढा संगणक, त्याच्या पिनांना वीज देणारी-तोडणारी, पायथन या संगणकभाषेतली तयार लायब्ररी, सतराव्या पिनला जोडलेला रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, आणि पिंपात बुडवलेला छोटा पंप.

डॉक्टर तणतणत वर आले. चष्म्याला चीज चिकटलं होतं. ते इमारतीचे अध्यक्षही होते आणि ते कुणाला विसरू देत नसत.

“हे खोकं निघालं पाहिजे!”

“नाही निघणार.”

“सभेत ठराव आणीन!”

“दोन आणा! पाणी हवंय ना? घ्या, अजून घ्या!” बाईंनी रागाने ‘चालू’ दाबलं.

धार थांबली.

बाईंनी वाकून रिलेकडे पाहिलं. रिले उलट्या डोक्याचा निघाला होता. ‘चालू’ दाबून पिनला वीज मिळाली की पंप थांबवायचा, ‘बंद’ दाबून वीज गेली की चालवायचा. प्रोग्राममधला एक शब्द बदलला असता तर काम झालं असतं.

“आलं ना बंद करता?” डॉक्टर गरजले. “पण तुमचा भरवसा नाही. उद्या निघताना किल्ली माझ्याकडे द्या. मी माझ्या हाताने बंद करणार!”

“करा की,” बाई म्हणाल्या.

त्यांनी सांधा घट्ट बसवला, नळीला थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या लावल्या. प्रोग्राममधल्या त्या शब्दाला मात्र हात लावला नाही.

आठवड्याने परतल्या तेव्हा झाडं लालबुंद टोमॅटोंनी वाकली होती. डॉक्टर दारातच उभे.

“पाहिलंत? तुम्ही गेलात आणि लगेच ‘बंद’ दाबलं. वर चिकटपट्टी लावली! अडलं का काही यंत्रावाचून?”

“छे हो!” बाईंनी सगळ्यात मोठा टोमॅटो त्यांच्या हातावर ठेवला. “पुढच्या महिन्यात परत जायचंय मला. तेव्हाही तुम्हीच बंद करा हं, डॉक्टर.”