दुसरी हाक

आमच्या शाळेत मुली तेरा होत्या आणि हजेरी बावीस जणींची होई.

पहिल्या दिवशी मला वाटलं, माझंच मोजण्यात चुकलं. वडील तळोद्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून बदलून आलेले, मी सुरतेच्या कॉन्व्हेंटातून मॅट्रिक होऊन घरात बसलेली. "मुलींना जरा इंग्रजी शिकव," म्हणून त्यांनी मला मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण द्वारकाबाईंच्या स्वाधीन केलं. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. त्यामुळे कोपऱ्यात उभं राहून बघण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं.

जमिनीवर बावीस बस्करं मांडलेली. त्यांतली नऊ शाळा सोडून गेलेल्या मुलींची. ती रोज झटकायची, पुन्हा तिथेच घालायची आणि त्यांच्यावर पाय द्यायचा नाही. बाई नाव घेत, समोरची मुलगी "हजर" म्हणे. रिकाम्या बस्कराचं नाव आलं की बाई मान तिरकी करून थांबत, बाहेर कुणाची चाहूल लागतेय का तशा. मग "बरं" म्हणून पुढे जात. त्या "बरं"ने माझ्या अंगावर काटा येई. कुणीतरी काही कळवल्यावर आपण म्हणतो, तसलं ते होतं.

खिडकीखालच्या बस्कराशी त्या सगळ्यांत जास्त थांबत. ते तुळशीचं. ती सहावीतून लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत बाळंतपणात वारली, असं मुलींनी मला हळू आवाजात सांगितलं.

डेप्युटीसाहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, या नऊजणी कुठे आहेत?"

"वाटेत," बाई म्हणाल्या.

साहेब खिडकीखालच्या बस्करावर टेकायला गेले, तर तेरा मुलींनी एकदम श्वास आत ओढला. साहेबांनी शेरा उभ्यानेच लिहिला.

"नाव खोडलं की मूल सुटलं," हे बाईंचं नेहमीचं बोलणं. दुसरं, "नाव एकदाच. दुसऱ्यांदा घेतलं की पहिल्या हाकेला कुणी कान देत नाही." हजेरीच्या वेळी एखादी मुलगी खोकत असली, तरी तिचं नाव पुन्हा म्हणून घेतलं जात नसे.

बाई साताऱ्याकडच्या, बालविधवा. उंच, वाळलेल्या, अंगावर पांढरं पातळ आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. त्या बुटांचा आवाज होत नसे. आपण फळ्याकडे तोंड करून उभं असावं आणि मानेजवळ कुणीतरी म्हणावं, "स्पेलिंग चुकलं." माझ्या हातून तिथे बरेच खडू मोडले.

शाळा सकाळची. सुटली की बाई ऐन उन्हात निघत आणि गळालेल्या एखाद्या मुलीच्या घरासमोर जाऊन उभ्या राहत. दार वाजवत नसत. गल्लीत पाखरू नसे, कुत्रीसुद्धा ओट्याखाली गेलेली. बाई हजेरीच्या आवाजात मुलीचं पूर्ण नाव घेत. एकदाच. थोडा वेळ थांबून परत फिरत. त्यांच्यामागे कुणीतरी घरातून बाहेर येऊन वाटेवर लिंबू टाकी.

ती लिंबं बाई दुसऱ्या दिवशी वेचून आणत. "इथे मी जाते त्या घरी कुणीतरी आजारी असतंच," त्या म्हणत. "उतारा करतात बिचारे. पण धुतलं की लिंबू ते लिंबूच." त्यांचं लोणचं फार चांगलं होई. मी दोन महिने खाल्लं आणि मग हे ऐकलं.

त्या साली सातवीत एकटी चंद्रा होती. कोसभरावरच्या गावातून चालत येई. वडील चांगले कास्तकार, लग्न वैशाखात ठरलेलं आणि व्हर्नाक्युलर फायनल चैत्रात, नंदुरबारला. परीक्षेला सहा आठवडे उरले असताना ती यायची थांबली. तिची परीक्षा आता हुकली की कायमची हुकणार, हे बाईंना माहीत होतं. त्या सहा दिवस रोज गेल्या. सातव्या दिवशी मला म्हणाल्या, "चल. दोघी दिसल्या तर बाहेर तरी येतील."

ऊन असं होतं की आमच्या सावल्या पायाखालीच होत्या. घराचं दार बंद. बाई समोर उभ्या राहिल्या.

"चंद्रा दगडू पाटील."

गल्लीभर कुठेही काही हललं नाही. माझ्या घशाला कोरड पडली होती, म्हणून मी पाणी मागायला मागच्या अंगाने गेले. परसदार उघडं होतं. आत अंधारात, पुढच्या दाराला दोन्ही तळवे टेकवून चंद्रा उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आजीने तिचा पदर मुठीत धरला होता.

"डाक्टरनी पोर ना तू?" आजीने मला तांब्या दिला. "तू ते जित्ती शे. ती कोन शे तुन्हासंगे?"

"आमच्या बाई आहेत."

"सात दिन व्हयनात, एकच हाक मारस. जित्तं मानूस तीनदाव हाक मारस. एक हाकले ओ देवानी नही, बहीन. ओ दिधी का ती लई जास." मग चंद्राकडे बघून म्हणाली, "ही येडी रोज दुसरी हाकनी वाट देखस."

परतताना मी बाईंना ते सांगितलं. मला ते सांगायचं नव्हतं, पण चंद्राचे तळवे डोळ्यांसमोरून जात नव्हते. अशा गोष्टी ज्याच्याविषयी असतात त्यालाच कुणी सांगत नाही. बाईंना इथे येऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाई उभ्या राहिल्या. "सगळ्याच घरी असं मानतात?"

"आजीच्या बोलण्यावरून तसंच वाटलं."

"तुळशीच्या घरीही मानत असतील." त्या बुटांकडे बघत होत्या. "मी गेले होते. हाक मारली आणि परत आले. म्हटलं, तिलाच यायचं नसेल."

वाटेत आदल्या दिवशीचं लिंबू पडलं होतं, चांगलं पिवळं. बाईंनी ते उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्राच्या दारासमोर त्यांनी नाव घेतलं, आणि मी बघत होते, दुसऱ्यांदा घेताना त्यांचा आवाज पार लहान झाला. तिसरी हाक पुरी व्हायच्या आत आतून "हजर" आलं, एवढ्या मोठ्याने की ओट्याखालचं कुत्रं उठलं.

आजीने दार उघडलं. बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पायांची दिशा नीट बघून घेतली. मग बाईंकडे बोट करून आत मुलाला म्हणाली, "दगडू, पोरनी ओ दिधी. आते परीक्षालगून ती हिन्ही शे. लगीन काय, वैशाखमां शे." आईपुढे दगडू पाटील बोलत नसत.

चंद्राने परीक्षा दिली, पासही झाली, आणि वैशाखात लग्नही झालं. पण माझ्या लक्षात राहिली ती त्या हाकेनंतरची सकाळ.

चंद्रा आपल्या बस्करावर येऊन बसली होती. बाईंनी हजेरीपट उघडला. समोरच्या मुलींची नावं एकदाच घेतली, नेहमीसारखी. रिकाम्या नऊ बस्करांची मात्र तीन-तीनदा घेतली. प्रत्येक हाकेनंतर मान तिरकी करून थांबल्या. मुली हसल्या नाहीत, कुणी खोकलंही नाही. हजेरी संपेना. दारातलं ऊन सरकत खिडकीखालच्या बस्करापर्यंत आलं.

तुळशीचं नाव तिसऱ्यांदा घेऊन बाई थांबल्या ते थांबल्याच. त्या दिवशी त्या "बरं" म्हणाल्या नाहीत.