बाकामागचे लाभार्थी

बँकेला समाजाचा कळवळा येतो तोसुद्धा वरून, परिपत्रकानं. यंदाचा कळवळा बाकाचा होता. शाखेसमोरच्या बसथांब्यावर बाक बसवा, फोटो पाठवा, मोठे साहेब येऊन पाहतील. मुख्य कचेरीत बदली व्हावी म्हणून शाखेचे मॅनेजर देव पाण्यात घालून बसले होते. त्यांनी लगोलग बाक आणवला. पाठीवर हातभर अक्षरांत बँकेचं नाव होतं. उरलेल्या जागेत बसायची सोय होती.

चार प्रवासी बसवून फोटो गेला. मुख्य कचेरीतल्या बाईंचा फोन आला.

"अहो, बँकेचं नाव कुठंय? नुसती माणसंच दिसताहेत!"

मॅनेजरांनी माणसं उठवून रिकाम्या बाकाचा फोटो पाठवला.

"आणि लाभार्थी?"

आता आली का पंचाईत! शेवटी प्रवाशांना बाकामागे उभं करून हसायला लावलं. हा फोटो ताबडतोब मंजूर झाला. साहेब येऊन जाईपर्यंत देखावा बिघडू नये म्हणून मॅनेजरांनी बाकापाशी रखवालदार उभा केला.

"आजी, उठा. मागं उभ्या राहा."

"अरे, मग बाक कशाला मांडलाय?"

"तुमच्याच सोयीसाठी!"

मोठे साहेब आले. बाक रिकामा, नाव लखलखीत, आणि मागे पिशव्या सांभाळत उभी असलेली माणसं. साहेबांना गहिवरून आलं.

"जागा असून कुणी बसत नाही?"

"आपली वस्तू म्हणून जपतात, साहेब," मॅनेजरांनी ठोकून दिलं.

"ही शिकवण कुणाची?"

"आपली… थोडीफार माझीच," मॅनेजर लाजले.

साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. "तुमच्या बदलीवर उद्या सही करणार होतो. पण असा माणूस कचेरीत कोंडायचा म्हणजे पाप! तुम्ही इथंच राहा. निवृत्त होईपर्यंत. या लोकांना तुमची गरज आहे."

साहेबांची गाडी वळली. मॅनेजर मटकन बाकावर बसले. रखवालदार पुढे झाला, पण त्यांचा चेहरा पाहून मागे सरला.

"सरका जरा," म्हणत आजी शेजारी टेकल्या. त्यांच्यामागोमाग अख्खा थांबा दाटीवाटीनं बसला. बँकेची सामाजिक जबाबदारी अशी एकदाची पार पडली. फोटो काढायला तेवढं कुणी नव्हतं.