न वाजवायची हलगी शेकली त्याची हकीकत

श्रीगणराय प्रसन्न असोत, तालमीचा मारुतीराय पाठीशी असो, आणि जो वाटोळा चेंडू राजाचेही ऐकत नाही व रंकाचेही ऐकत नाही, त्यास आमचा आधी मुजरा. साहेबी पुसले की, खालच्या पेठेने करंडक जिंकिला, तरी त्या पेठेत त्या दिवसाचे नाव काढिता लोक माना का खाली घालितात, त्याचे कारण लिहून द्यावे. त्यावरून जे कानी पडले व जे डोळां देखिले ते लिहितो. यात पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरते.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, दोन पेठा नांदत होत्या, वरली आणि खालची, आणि दोहींत वैर ऐसे की एक वेळ तिथे मुलगी द्यावी, परंतु सामना देऊ नये. हे वैर फुटबॉलाचे. अकरा गडी पायांनी लढतात आणि उरलेली पेठ कट्ट्यावर बसून तोंडाने लढते, ऐसे ते युद्ध. खालच्या पेठेच्या कट्ट्यावर दोन असामी मातबर होते. एक सुबराव हलगीवाले, अंगाने काटकुळे, आवाजाने दांडगे. दुसरे दौलू घुमकेवाले, जे दिवसाकाठी चार शब्द बोलत आणि त्यातले दोन चहावाल्याशी. सुबरावांनी हलगीची साद घालावी आणि दौलूंनी घुमक्याचा, म्हणजे दोऱ्या ओढून ताणलेल्या गळ्यातल्या ढोलाचा, जबाब द्यावा, आणि मग कट्ट्याने उठावे, आणि मग मैदानातल्या गड्यांच्या पायांत वारे भरावे, ऐसा मिसरूड फुटल्यापासूनचा रिवाज. हलगी वाजली आणि घुमके गप्प राहिले, ऐसे त्या राज्यात कोणी ऐकिले नव्हते.

परंतु पेठेचा संघ जिच्या नावे खेळे ती तालीम दिवसेंदिवस खंगली, छप्पर गळो लागले, गड्यांचे बूट फाटले आणि करंडक सालोसाल वरल्या पेठेकडे जाऊ लागला. तेव्हा परद्वीपीचे एक खाणवाले सरकार, ज्यांचे बेटच्या बेट आतून पोखरलेले, त्यांनी वकील धाडून खालच्या पेठेचा संघ खरेदी केला. आणि हिरवळ आली, आणि दिवे आले, आणि पाच परमुलखी शिलेदार आले की जे चेंडूस नुसते दटावले तरी चेंडू ऐकत असे. सरकारांचा वकील आला त्या दिवशी पेठेने साखर वाटली, आणि सुबरावांनी हलगी ऐसी वाजविली की हातातले टिपरू मोडले, आणि दौलूंनीही हसून जबाब दिला. खरे ते लिहावे, आनंद सर्वांसच जाहला. तो धनी कोण, त्याचे धन कसले, हे कोणी पुसिले नाही. भुकेला ताट कोणाचे हे पाहत नाही.

मग मार्गशीर्षात खबर आली. दौलूंचे एकुलते चिरंजीव निवास त्याच बेटावर खाणीत विजेचे तारकाम करीत असत. तेथे भुयार बसले, माणसे आत राहिली, आणि सरकारांनी वरून माती लोटून काम पुढे चालविले. निवासांनी ते मोबाईल नामक यंत्रात चित्र धरून बाहेर धाडिले. त्याबद्दल त्यांस बंदीखान्यात घातले. दौलू तालमीत आले, मारुतीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोराला आपल्या मालकानं कोंडलाय." इतकेच बोलले आणि खाली बसले.

मग मसलत बसली आणि मोठी गलबल जाहली. सर्जेराव पानपट्टीवाले म्हणो लागले, "वाईट झालं, न्हाई म्हनत न्हाई. पर खेळ निराळा आनी ही भानगड निराळी. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी." तेव्हा दौलू म्हणाले, "वाजीव की. तुझा पोरगा घरात हाय." यावर सर्जेराव चुन्याची डबी उघडून त्यातच पाहत बसले. कोणी म्हणाले संघच सोडून देऊ, कोणी म्हणाले वरल्या पेठेचा पैसा तरी कुठला धुतल्या तांदळाचा, आणि कोणी म्हणाले, आपल्या ओरडण्याने बेटावरची कुलुपे थोडीच उघडतात. अखेर वडील आबाजी वस्ताद, जे स्वतः एके काळी गोल राखीत असत, ते बोलिले, "मालकानं हिरवळ इकत घेतली, गडी इकत घेतलं. आपला आवाज त्याला फुकट मिळाला. त्यो तेवढा काढून घ्या. मैदानात जायाचं, आनी गप बसायचं. पोरगा सुटंस्तवर." हे सर्वांस पटले, आणि सुबरावांनी हलगीवर हात ठेवून शपथ घेतली की, निवास पेठेत पाऊल ठेवील त्या दिवशीच ही बोलेल. दौलूंनी त्यांचा हात धरिला आणि बराच वेळ सोडिला नाही.

आणि श्रोते हो, काय सांगावे, ते मौन लागू पडले! आपला संघ गोल करी आणि कट्टा दगडासारखा बसे. गडी आनंदाने धावत येत आणि ओशाळून परत जात. देशोदेशी ते चित्र दिसू लागले, लोक पुसो लागले की हे गप्प का, आणि उत्तरात निवासांचे नाव येऊ लागले. वकिलास झोप येईना. तो तालमीत येऊन गोडीगुलाबीने बोलिला की, शेवटच्या सामन्यास हलगी वाजवा, मग पाहू. आबाजी म्हणाले, "आधी पोरगा, मग हलगी." वकिलाने बेटावर लिहिले, आणि जबाब घेऊन आला की, अंतिम सामन्यास खासे सरकार थोर पाहुण्यांसह येत आहेत, मौन खरेच पक्के आहे काय हे ते आपल्या कानांनी ऐकतील, पक्के असेल तर पुढे आणखी चारचौघांत शोभा नको म्हणून निवास आठवड्यात घरी. ऐसे त्या मुलाचे सुटणे एका दुपारवर येऊन ठेपले. आणि सामना कोणाशी? तर वरल्या पेठेशी.

सामन्याचे सकाळी सुबरावांनी अंगणात जाळ केला आणि हलगी शेकावयास घेतली. हलगी शेकल्यावाचून चामडे ताणत नाही आणि नाद खुलत नाही, हे सर्वांस ठाऊक. त्यांचे कुटुंब कोंडाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "वाजवायची न्हाई म्हनतायसा, मग शेकताय कशाला?"

"हाताला सवय हाय गं. थंडी न्हेली तर तिला बरं वाटायचं न्हाई."

"तिला न्हवं, तुम्हास्नी."

सुबराव हसले आणि शेकीत राहिले. वाटेत आबाजीही म्हणाले की, वाद्ये घरी ठेवा. त्यावर सुबराव उसळले, "आबा, हातात असून वाजत न्हाई हे मालकाला दिसाय नको? रिकाम्या हातानं मुडदाबी गप बसतोय." हे ऐकून सारे हसले, आणि बोलणे सर्वांस पटले, आणि दौलूही घुमके गळ्यात घालून आले. शहाणपण ते तेवढ्यापुरते दिसले.

मग युद्धास तोंड लागले. सरकार पाहुण्यांसह उंच सज्जात बसले, पांढरा पोशाख, हाती चष्मा. वरली पेठ बोंबलत होती, खालची पेठ ओठ शिवून होती. वरल्या पेठेने एक गोल चढविला, आपल्यांनी फेडिला, परमुलखी शिलेदार दमले, वेळ सरत आली. कट्ट्यावर माणसे रुमाल चावीत होती. आणि मग जे होऊ नये ते जाहले, म्हणजे जे व्हावे म्हणून पेठेने वर्षानुवर्षे नवस केले तेच जाहले. पेठेतल्याच पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा भैरू, जो राखीव म्हणून बसून असे, तो बदली उतरला, त्याने दोघांस चुकविले, तिसऱ्याच्या पायांमधून चेंडू काढिला आणि जाळीत घातला.

सुबरावांस पुढले काही आठवत नाही, ऐसे ते शपथेवर सांगतात. टिपरू उठले कधी, पडले कधी, ठाऊक नाही. हलगी कडाडली. शेकलेली हलगी, तिचा नाद सज्जापर्यंत गेला. आणि त्यावर, श्वासाचेही अंतर न पडता, घुमक्याने जबाब दिला. दौलूंच्या घुमक्याने! मिसरूड फुटल्यापासूनचा हात, तो कोणास पुसणार? आणि कट्टा उठला, आणि महिनोन् महिने कोंडलेला आवाज ऐसा फुटला की पाखरे उडाली, आणि सर्जेराव रडत होते आणि आबाजी नाचत होते. मग दौलूंनी आपल्या हाताकडे पाहिले. सुबरावांनी दौलूंकडे पाहिले. वाद्ये दोन्ही थांबली, परंतु आता कट्ट्यास त्यांची गरज नव्हती. वर सज्जात सरकार पाहुण्यांकडे वळून काही बोलिले, आणि हसले, आणि ठेक्यावर टाळी देऊ लागले.

वकील पुन्हा तालमीत आला नाही. बेटावरून खबर आली की निवासांस बारा वर्षांची सजा जाहली. पेठेने पुढल्या सामन्यास पुन्हा मौन धरून पाहिले, परंतु एकदा उसवलेले ते उसवलेच, कोणी ना कोणी ओरडेच.

सुबराव बरेच दिवस दौलूंच्या दाराशी जाऊन माघारी येत. एके दुपारी धीर करून पायरीवर बसले. दौलू आतून आले आणि शेजारी बसले. त्यांनी पुसिले, "हलगी शेकली हुतीस व्हय?"

खोटे बोलावे ऐसे सुबरावांच्या मनात आले. "व्हय," ते म्हणाले. "मला माफ कर म्हनायला बी तोंड न्हाई, दौल्या."

दौलू म्हणाले, "मी बी घुमक्याच्या दोऱ्या ओढूनच आनल्या हुत्या."

येणेप्रमाणे हकीकत. करंडक तालमीत काचेच्या कपाटात आहे, संघ सरकारांकडे आहे, हलगी सुबरावांच्या खुंटीस सैल पडून आहे. गोल उत्तम होता, ऐसा त्या राज्यात पुन्हा जाहला नाही, हेही लिहिले पाहिजे. निवास अद्याप आले नाहीत.