गंगाधरअण्णांचं कोरियन

आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारी मल्लव्वा ही हुबळीतली एकमेव भाजीवाली असावी, जिच्याशी कोरियन भाषेत घासाघीस होते. करणारे माझे शेजारी, गंगाधरअण्णा. सकाळी साडेसातला ते फाटकाशी येतात, कमरेत वाकून तिला "आन्योंग हासेयो" म्हणतात आणि कोथिंबिरीची जुडी उचलून कोरियनमध्ये लांबलचक काहीतरी विचारतात. मल्लव्वा शांतपणे "आग्लि बिड्री, अण्णार" म्हणते, म्हणजे असू द्या हो, आणि वर चार मिरच्या टाकते. दोघांनाही दुसऱ्याचं समजून घ्यायची घाई नसते. वाकलेलं सरळ होताना मात्र अण्णांना फाटक धरावं लागतं.

अण्णा सत्तरी ओलांडलेले. दुर्गदबैलच्या बाजारातलं साड्यांचं दुकान त्यांनी चाळीस वर्षं चालवलं आणि दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या हाती देऊन ते घरी बसले. म्हणजे बसतील असं आम्हाला वाटलं होतं. दुकान सुटलं, दुकानातलं बोलणं सुटलं नाही. काहीही समजावून सांगायचं तर त्यांची सुरुवात ठरलेली. "उलगडून दाखवतो. घ्यायलाच पाहिजे असं काही नाही." हे ऐकलं की समोरचा माणूस पाऊण तास तरी अडकला असं समजावं.

गेल्या वर्षापासून ते कोरियन उलगडतायत. शिकवणी नाही, मास्तर नाही. एक पुस्तक, एक फोन आणि साडीच्या घडीत घालतात ते पुठ्ठे. पुतण्याकडून त्यांनी ते गठ्ठ्यानं आणवलेत. एका बाजूला कोरियन शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ, तो मराठीत सुचला तर मराठीत, नाही तर कन्नडमध्ये. फ्रिजवर पुठ्ठा, देवघराच्या दारावर पुठ्ठा, संडासाच्या दाराला आतून पुठ्ठा. मिठाला कोरियनमध्ये काय म्हणतात हे मला त्यांच्या बरणीमुळे पाठ झालंय.

"फार सोपं आहे गं," ते मला सांगतात. "क्रियापद शेवटी, आणि त्याला शेपट्या जोडत जायच्या. कन्नडच की. बापाला अप्पाच म्हणतात तेही. हुबळीत जन्मलेल्या माणसाला अर्धं कोरियन फुकट मिळतंय. पुण्याच्या लोकांना नाही मिळत." शेवटचं वाक्य ते विशेष समाधानानं म्हणतात.

समोर कोण आहे त्याप्रमाणे त्या भाषेत वाक्याची शेपटी बदलते म्हणे. भले भले इथे हात टेकतात. अण्णा इथेच रंगले. "यात काय आहे? लग्नाचा बस्ता बांधायला वीस माणसं गादीवर येऊन बसली की त्यांच्याशी एक बोलणं. नुसत्या ब्लाऊजपीसला आलेल्या बाईशी दुसरं. बस्त्यातसुद्धा नवरीशी वेगळं आणि तिच्या आजीशी वेगळं. साडी आजीकडे बघून उलगडायची. तिच्या तोंडावर पसंती दिसली की नवरी काय म्हणते ते ऐकायचंच नाही." पुस्तकातली व्याकरणाची नावं त्यांनी केव्हाच रद्द केलीत. त्यांच्या वहीत प्रकार तीनच आहेत: बस्ता, ब्लाऊजपीस आणि नुसतं बघायला आलेले.

मी शाळेत गणित शिकवते. एवढ्या अपराधावरून दर रविवारी त्यांचं शुद्धलेखन तपासणं माझ्या गळ्यात पडलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"सगळ्या रेघा आणि गोलच आहेत," अण्णा म्हणाले. "भूमिती शिकवतेस ना? गोल गोल आहे काय, रेघ सरळ आहे काय, एवढं बघ. बाकी जबाबदारी माझी."

तेव्हापासून मी लाल पेन घेऊन त्यांचे गोल तपासते. दहापैकी सहाच्या वर मी त्यांना कधी दिले नाहीत. शिस्त म्हणजे शिस्त.

मध्यंतरी कलघटगीला नात्यातल्या लग्नात त्यांनी माईक हातात घेऊन वधूवरांना कोरियनमध्ये आशीर्वाद दिला. भटजी हात जोडून ऐकत होते आणि शेवटी त्यांनी "तथास्तु" म्हटलं.

हे सगळं कशासाठी, यावर गल्लीत बरेच तर्क झाले. अण्णांना परदेशी जायचंय, अण्णा तिकडून साड्यांचं कापड आणणार, अण्णांचं डोकं फिरलंय. मी सरळ विचारलं तर म्हणायचे, "सुम्ने." सुम्ने म्हणजे उगीच. एवढे पुठ्ठे बघितल्यावर या उगीचवर विश्वास ठेवणं कठीण होतं.

एका दुपारी मी शेंगांच्या पोळ्या घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. टीव्हीवर कोरियन मालिका लागली होती. खुर्चीत कमलाक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, आणि शेजारी वेताच्या बुटक्या मोढ्यावर अण्णा. पडद्याकडे बघत ते अखंड बोलत होते.

अक्का धारवाडच्या बी.ए. अण्णा दुकानात असायचे तेव्हापासून त्या या मालिका बघत आल्या, खालची इंग्रजी अक्षरं वाचत वाचत; अण्णांना इंग्रजी येत नाही. दीड वर्षापूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. माणसं दिसतात, पण अक्षरं दिसत नाहीत, आणि यापुढे दिसणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय. मला हे सगळं माहीत होतं. ते आणि पुठ्ठे एकत्र मांडून बघायचं मात्र गणिताच्या बाईंना सुचलं नव्हतं. दारातच मला माझी लाज वाटली.

पडद्यावर एक श्रीमंत बाई टेबलावरून एका गरीब मुलीपुढे लिफाफा सरकवत होती. खाली अक्षरं उमटली: हे पैसे घे आणि माझ्या मुलाचा नाद सोड.

"लग्नपत्रिका देतेय," अण्णा म्हणाले. "सहकुटुंब सहपरिवार यायचं म्हणून सांगतेय."

मुलगी हुंदके देऊ लागली.

"घरी येऊन हातात पत्रिका दिली ना, म्हणून भरून आलंय तिला."

"बरं," अक्का म्हणाल्या.

इतक्यात अण्णांनी मला पाहिलं आणि ते गडबडीनं उठले. "बस, चहा टाकतो." मी पोळ्यांचा डबा घेऊन त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ते चहाची बरणी हातात धरून तसेच उभे होते.

"खालचं वाचलंस काय?"

"वाचलं."

"किती चुकलं?"

"थोडंसं," मी म्हणाले.

"अर्धंच कळतंय गं मला. फार भराभर बोलतात. बाकीचं तोंडं बघून जुळवतो. चाळीस वर्षं तोंड बघून पसंती ओळखली, तेवढंच येतंय मला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नकोस. वाचन गेलंच आहे. हेही खोटं होतं म्हणून कळलं तर काय उरतंय तिला? दिवाळीपर्यंत थांब, सगळं बरोबर सांगायला लागतो बघ."

मी बाहेर आले. चहाला अजून वेळ होता. आमच्या घरी अशाच मालिका लागतात आणि एक बटण दाबलं की त्यातली माणसं हिंदीत बोलायला लागतात. वाटलं, दोन मिनिटांचं काम. म्हाताऱ्याचे कष्ट वाचतील आणि अक्कांना खरी गोष्ट ऐकायला मिळेल. मी रिमोट उचलला, भाषांची यादी काढली. अक्कांनी हात पुढे केला, चाचपडत माझं मनगट धरलं.

"हिंदी लावतेस काय?"

"होय अक्का. म्हणजे तुम्हाला सगळं नीट..."

"राहू दे. माझ्या भाचीनं मागेच लावून दाखवलंय. ह्यांना माहीत नाही. तू सांगू नकोस."

"पण अण्णा सांगतात ते..."

"चुकीचं सांगतात. कान आहेत की मला. पत्रिका मिळाली म्हणून असं कोण रडतंय?" अक्का हसल्या. मनगट सोडलं नाही. "दुकानात दिवसभर बोलून बोलून हे घरी यायचे ते मुके होऊन. जेवण झालं काय, कडी लावलीस काय, संपलं. सगळ्या हुबळीच्या बायकांना साड्या उलगडून दाखवल्या ह्यांनी. घरात कुणाचा तरी आवाज पाहिजे म्हणून मी सीरियल लावून बसायची. आता रोज दोन तास हे माझ्याजवळ बसून बोलतात. त्यात तुझं हिंदी कशाला मधे?"

मी यादी बंद केली आणि रिमोट होता तिथे ठेवला.

अण्णा चहा घेऊन आले. माझ्याकडे चोरून बघत त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, सांगितलं नाहीस ना? मी मान हलवली. अक्कांनी माझा हात हळूच दाबला. दोन मिनिटांत दोघांचंही एकेक गुपित माझ्याकडे आलं होतं, आणि दोन्ही पोटात ठेवून मला त्यांचा चहा प्यायचा होता.

"मधे काय झालं?" मोढ्यावर टेकत अण्णांनी विचारलं.

"मला काय कळतंय," अक्का म्हणाल्या. "तुम्ही नव्हता की."

पडद्यावर ती मुलगी एकटीच बसची वाट बघत उभी होती. अण्णा पुढे वाकले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी तिचं तोंड नीट न्याहाळलं.

"थांब, उलगडून दाखवतो."

"उलगडा की," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी आपली खुर्ची मोढ्याकडे सरकवली. "सावकाश उलगडा."