‘बिझी’ची तिसरी सही

स्वयंपाकघरात चमचा खणकन पडला. उचलायला मात्र कुणी उठले नाही. माणसाची किंमत तो किती बिझी आहे यावर ठरते, आणि या घरातली सगळीच माणसे किमती होती.

बाई इंग्रजी-मराठी शब्दकोश कार्यालयासाठी घरून नोंदी लिहीत (मुलगी झोपली की कचेरी उघडी, उठली की बंद). आजचा शब्द ‘बिझी’. अर्थ : कामात गुंतलेला. रूपे : बिझी, बिझियर, बिझिएस्ट. कागद न्यायला चार वाजता माणूस येणार होता. नोंद अपुरी निघाल्यास काम दुसरीकडे देऊ, असे संपादकसाहेबांनी अत्यंत प्रेमाने कळवले होते.

कार्यालयाचा नियम थोर होता. प्रत्येक रूपाला एक उदाहरण हवे, पण ते वाक्य मनाने रचायचे नाही. ते कुणीतरी खरोखर बोललेले हवे, खाली बोलणाऱ्याची सही हवी. (या नियमामुळे कोश एकोणीस वर्षे ‘बी’ अक्षरावर सुखरूप आहे.)

पहिले रूप नवऱ्याने सोफ्यावरून, आडवे पडूनच पुरवले. “अगं, काहीतरी पडलं बघ. मी बिझी आहे.” सही झाली.

दुसरे सासूबाईंनी दिले. तासभर त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या, “बोलायला फुरसत कुठाय गं मला? लेकापेक्षा मीच बिझी!” सही झाली.

तिसऱ्या रूपापाशी घोडे अडले. बाईंनी रीतसर चौकशी केली. सकाळपासून भांडी तीनदा, कपडे दोनदा, मुलीचा ताप एकदा, ‘माझा दुसरा मोजा कुठाय’ सात वेळा. ही सर्व कामे एकाच व्यक्तीने केल्याचे आढळले. मात्र त्या व्यक्तीला बिझी म्हटल्याचा पुरावा कुठेच नव्हता.

“अहो, सगळ्यांत बिझी मी, एवढंच म्हणा आणि सही करा.”

“तू?” नवरा मनापासून हसला. “तू तर घरीच असतेस!”

वाक्य अस्सल होते, पण ते या शब्दाखाली बसेना.

चारला पाच मिनिटे उरली. बाई उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “या घरात सगळ्यांत बिझी मी आहे!” मग स्वतःच्या वाक्याखाली स्वतःच सही ठोकली. नियमात बसत होते.

त्या आवाजाने मुलगी जागी झाली. डोळे चोळत येऊन तिने कागदावरच्या तिन्ही सह्यांवरून बोट फिरवले.

“बाबा बिझी, आजी बिझी, तू पण बिझी. मग आई, तू लिहिलेलं वाचत बसायला एवढं रिकामं कोण असतं गं?”