बिरूआबा आन दवाखान्याचं सबुद

आमचं थोरलं दीर बिरूआबा माझ्याशी बोलायचं, पर शेरडाच्या तोंडानं. धाकट्या भावाच्या बायकूशी नीट तोंडावर बोलायचं न्हाई, आसा रिवाज हुता आमच्यात. मग दारात बांधलेल्या शेरडाकडं बघून इचारायचं, "काय गं चांदे, भाकरी झाली का न्हाई?" मी पदर वडून चुलीम्होरनं म्हनायची, "चांदे, सांग त्यास्नी, कवाच झालीया. कालवन निवाय लागलंय." शेरडू आपलं पाला खात बसायचं. एकदा शेरडू चराय गेलं हुतं. आबा दारात हुबं ऱ्हायलं, त्ये शेरडू माघारी येस्तवर उपाशी. पर बोललं न्हाईत.

आटपाडीच्या अंगाला आमचं रान. रान कसलं, दगडं आन बाभळी. माझं मालक तापानं गेलं तवा पोरं बारकी हुती. आबांची बायकू पैल्याच बाळंतपनात गेली, दुसरी त्यांनी केली न्हाई. त्यांनी मेंढरं राखली, मी खडी फोडली. दिस गेलं. त्यात सांगन्यासारखं काय न्हाई.

मेंढं बडवायचं काम मातुर आबांचं नावाजल्यालं. नर लय झालं की झुंजत्यात, कळप मोडत्यात. म्हनून त्यातलं काई खच्ची करायचं असत्यात, त्येलाच बडवनं म्हनत्यात. आबा दोन काठ्यांत धरून त्ये काम करायचं, आन लांबलांबच्या गावची मानसं बलवाय यायची. एकांदा बापय घरात बायकूम्होरं गप बसला की आबा म्हनायचं, "का रं गड्या, मी कवा आलतो तुज्याकडं?" समदी हासायची.

आनी एक खोड. नवा सबुद कानावर आला की हात वर करायचं. "थांब. ह्यो कंच्या कळपातला?" रेडू, इंजान, पंचायत, समद्याला त्योच सवाल. आपल्या वळकीच्या कायतरी संगं बांधल्याबिगार सबुद फुडं जाऊ द्यायचं न्हाईत.

तर एका उन्हाळ्यात आबांची लघवी तटली. पाठबी लय दुखायची. माझी पोरं मेंढरामागं, घरात दुसरं कोन न्हाई. म्हनून मीच त्यास्नी यष्टीनं सांगलीला न्हेलं. यष्टीत आबा म्होरं, मी मागं.

त्ये दवाखान्याचं दिस मला झोपंत बघितल्यागत आठवत्यात. लांबच लांब खोली, समदं पांढरं. वर पंखं गरगरायचं, खिडकीत लिंबाची सावली हलायची, आन नर्सबाया वड्यातल्या बगळ्यावानी आवाज न करता जायच्या. दुपारच्याला डोळा लागला की मला वाटायचं, आपुन मरून कुटंतरी बऱ्या जागी आलोय.

शेजारच्या खाटंवर साताऱ्याकडचं एक पेन्शनीतलं हवालदार हुतं. त्यास्नीबी लघवीचाच तरास. चांदी शेरडू तर घरी ऱ्हायलं. मग आबा हवालदाराकडं बघून म्हनालं, "इचारा, चा प्याली का म्हनावं."

"आरं गड्या, बाई तुज्या उशाला हाय की! मी काय वायरलेस हाय?" हवालदार खेकसलं. पर इचारलं त्यांनी. फुडं तर वायरलेसची सवयच झाली त्यास्नी.

डाक्टर तरना हुता, लय सोशीक. त्यो म्हनाला, "आबा, लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तुमची वाढलीय. त्यामुळं वाट दाबली गेली."

"थांबा. ही कंच्या कळपातली?"

"सगळ्या पुरुषांना असते. सुपारीपेक्षा थोडी मोठी."

आबा वळलं. "हवालदार, तुमाला हाय?"

"हाय की! म्हनून तर हितं पडलोय."

"डाक्टर, तुमाला?"

डाक्टर लाजला. "मलाही आहे."

तवा कुटं आबांचा जीव भांड्यात पडला.

मग लघवीला रबरी नळी घालून खाली बाटली लावली. नर्सबाई म्हनाली, ह्येला कॅथेटर म्हनत्यात. आबा बाटलीकडं बघून म्हनालं, "पाट सुटला." मग डाक्टर म्हनाला, बायाप्सी करायची. गाठीचा बारीक तुकडा काढून काचंखाली बघायचा. "भाकरीचा काठ मोडून बघत्यात, भाजली का कच्ची, तसंच की. मोडा." आसं एकेक सबुद आबा खुट्याला बांधत गेलं.

काचंनं सांगितलं, कॅन्सर.

ह्यो सबुद आला तवा आबांनी हात वर केला न्हाई. डाक्टरच हळूच सांगाय लागला, की ही वाईट गाठ, जागा सोडून पाठीच्या हाडात गेलीया.

"चुकार मेंढरू," आबा म्हनालं. "वळवता येतंय?"

"पुरतं नाही. पण रोखता येईल. पुरुषाच्या अंगात एक रस असतो, हार्मोन. तो अंडकोषात तयार होतो आणि ही गाठ त्याच्यावरच पोसते. दोन्ही अंडी काढली की गाठीची उपासमार होते. पाठीला आराम पडेल."

मी फरशीकडं बघत बसले.

"म्हंजी मला बडवनार?"

हवालदार उगंच खोकाय लागलं.

"आन ह्या वैशाखात? आवं डाक्टर, ह्या दिसांत आमी मेंढ्यालाबी हात लावत न्हाई. उन्हात सूज उतरत न्हाई. थंडी पडू द्या. आन काठ्या कुनाच्या? त्या लोनी लावून घोटल्याल्या पायजेत."

डाक्टरानं समजावलं. काठ्या न्हाईत, भूल देऊन करायचं, वर शिवन घालायची. आबांनी आयकून घेतलं आन घोंगडं घडी कराय घेतलं.

"हवालदार, सांगा, आमी घरला चाललो. जल्मभर मी लोकांस्नी हासलो. आता मी कुनाला तोंड दावू?"

डाक्टरानं मला भाईर बलवलं. "बाई, हे नाही केलं तर दुखणं वाढेल. पाय लुळे पडतील." मी आत आले. थोरल्या दिराशी असलं बोलायचा रिवाज न्हाई. पर मी हवालदाराच्या खाटंच्या पायथ्याला जाऊन हुबी ऱ्हायले.

"त्यास्नी इचारा, कळपाम्होरं गळ्यात घंटी बांधून कोन चालतंय?"

हवालदारानं इचारलं. आबा घोंगड्याची घडी घालतच ऱ्हायलं.

"इचारा, त्यो बडवलेलाच असतोय का न्हाई? झुंजत न्हाई, मादीमागं पळत न्हाई, म्हनून समदी त्याच्या मागनं जात्यात. इचारा, माजी बिनबापाची पोरं कुनाच्या मागनं चालली?"

हवालदार इचारायचं सोडून पटक्याच्या शेवानं डोळं पुसाय लागलं.

आबांनी घोंगडं परत अंथरलं. "हवालदार, सांगा, डाक्टराला बलवा म्हनावं."

भूल उतराय लागली तवा आबा डोळं झाकूनच बोलत हुतं. मानगंगा भरून चाललीया म्हनं, आन पल्याडच्या काठाला त्यांनी बडवल्यालं समदं मेंढं हुबं हायेत. पांढरं, काळं, ढगावानी. नुसतं बघत्यात. "एकानंबी शिंग उगारलं न्हाई," म्हनालं, आन परत झोपलं.

घरला सोडताना डाक्टरानं सांगितलं, मदीमदी अंगातनं गरम वाफा येतील, घाम फुटंल, पर त्यो ताप न्हवं. आबांनी यष्टीत त्ये सारखं घोकलं.

पाठ हलकी झाली. आबा परत मेंढरामागं जाऊ लागलं. चावडीवर एकानं टोमना मारलाच, "का आबा, कोन आलतं म्हनं तुमच्याकडं?"

"आलतं की. पांढऱ्या डगल्यातलं. हात माज्यापरीस हलका हुता." आन आबाच पैल्यांदा हासलं.

थंडी पडली तवा शेजारच्या वस्तीवरनं एक मेंढा बडवाय आनला. मेंढ्याचा मालक त्याला ठिवून रानात गेला. मी पानी घिऊन गेले, तर आबा बाभळीखाली बसल्यालं, काठ्या बाजूला, मेंढ्याचं डोस्कं मांडीवर. त्याच्या कानात बोलत हुतं.

"दुखंल. सूज ईल, भिऊ नगंस. मग अंगातनं वाफा येतील. त्यो ताप न्हवं, बाबा. हार्मोन कमी हुतंय म्हनून येत्यात." मेंढा डोळं मिटून आयकत हुता. आबांनी त्याच्या मानंवरनं हात फिरवला. "आन सांजच्याला, समदी आपापल्या घरात गेली की, आत कायतरी रिकामं रिकामं हुतंय. त्ये बडवल्यानं न्हवं. त्ये लय आदीपास्नं हाय. त्येला काय म्हनत्यात, त्ये मी डाक्टराला इचारलंच न्हाई."

मी कळशी खाली ठिवली आन मेंढ्याच्या पल्याड जाऊन बसले. त्याचं पाय धराय कोनतरी लागतंयच की.