कान्हू सशाचे दोन दिलासे

एका जंगलात एक मोठा दवाखाना होता बरं का, बाळांनो. इतका मोठा, की त्यातल्या एका खोलीला दुसऱ्या खोलीचा पत्ता ठाऊक नव्हता.

त्या जंगलात कान्हू नावाचा ससा राहायचा. नुकतंच लग्न झालेलं. बायकोचं नाव गोजरी. दोघांनी नऊ पिल्लांची नावंसुद्धा ठरवून ठेवली होती. आणि नेमकी कान्हूच्या मानेत गाठ निघाली. वाईटातली.

दवाखान्यानं धीर दिला. साळिंदरबाईंची औषधं आणि काजवेसाहेबांचे किरण, दोन्ही एकदम देऊ, गाठ पळालीच म्हणून समज. कान्हूला हायसं वाटलं. पण पिल्लांचं काय? हा प्रश्न काही त्याच्या तोंडून फुटेना, कारण शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तेव्हा कुठे त्यानं हळूच विचारलं. सुई टोचता टोचता साळिंदरबाई म्हणाल्या, "माझ्या औषधानं शुक्राणू कमी होतात. पण पुन्हा तयार होतात."

शुक्राणू म्हणजे काय, ते तुम्ही मोठे झालात की मोठी माणसं तुम्हाला सांगायचं टाळतील.

कान्हू तसाच काजवेसाहेबांकडे गेला. त्यांनीही आपल्या किरणांबद्दल शब्दन् शब्द तेच सांगितलं.

झालं! दोन मोठे डॉक्टर, दोघांचं एकच म्हणणं. कान्हूनं दोन दिलाशांची बेरीज केली आणि दुप्पट निर्धास्त झाला. वेडा कुठला! औषध आणि किरण एकाच अंगात भेटले तर काय होतं, हे त्यानं विचारलं नाही. आणि न विचारलेलं सांगायची त्या दवाखान्यात पद्धत नव्हती.

ठाऊक नव्हतं असं नाही हं. दवाखान्याच्या दाराशी स्टुलावर म्हातारा गणबा उंदीर बसायचा. तरुणपणी त्याच्यावर इथंच दोन्ही इलाज एकदम करून पाहिले होते. त्याच्या एका भावाला नुसतं औषध दिलं, त्याला पोरं झाली. दुसऱ्याला नुसते किरण दिले, त्याला जरा उशिरा झाली. गणबाला झालीच नाहीत. मग जाडजूड अहवाल निघाला. अहवालाला कपाट मिळालं आणि गणबाला स्टूल.

कान्हूची गाठ गेली. शाल घालून सत्कार झाला. मग एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. गोजरीनं नऊ टोपडी विणली होती, ती एक दिवस तिनं मुकाट्यानं शेजारणीला देऊन टाकली. त्या दिवशी कान्हू पोटभर रडला आणि तडक दवाखान्यात जाऊन भांडला.

साळिंदरबाई म्हणाल्या, किरणांमुळे झालं असेल. काजवेसाहेब म्हणाले, औषधामुळे. दोघांनीही आपापले कागद दाखवले. दोघांचेही कागद अगदी चोख होते.

बाहेर पडताना गणबानं त्याला थांबवलं. "इलाजाआधी शुक्राणू गारठ्यात साठवून ठेवता येतात, बाबा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, काका?"

"तू मला फक्त खोली नंबर विचारलास," गणबा म्हणाला, आणि त्यानं बसायला जागा करून दिली.

आता त्या दाराशी दोन स्टुलं आहेत.

तात्पर्य: जिवावरच्या गोष्टीत एकाच तज्ज्ञावर विसंबू नये, बाळांनो. नेहमी दोघांना विचारावं. म्हणजे चूक कोणाचीच होत नाही.